रेशा असलेला नीलम घ्यावा की आरशासारखा स्वच्छ?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही ऐरोलीला राहता, मुलीसाठी नीलमाची अंगठी करायची आहे. सराफाने दोन खडे दाखवले. पहिला 4.10 कॅरेटचा, निळा रंग छान, पण आत बारीक पांढुरक्या रेषा. लॅबच्या कागदावर ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ अशी नोंद. दुसरा 4.32 कॅरेटचा, दुकानातल्या भिंगातूनही काही दिसलं नाही इतका स्वच्छ, कागदावर ‘तापवलेला’ असं लिहिलेलं आणि किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. सराफ म्हणतो पहिला घ्या. पत्रिका बघणारे गुरुजी म्हणतात खडा निर्दोष पाहिजे. दोन्ही कागदांवर क्लॅरिटीची, म्हणजे आतल्या स्वच्छतेची, ग्रेड कुठेच नाही, म्हणून तुम्ही विचारताय की नीलमाची क्लॅरिटी नेमकी कशी ठरवायची.

मी ठाण्यात नौपाड्यात बसतो. या कामात 26 वर्षं झाली. पहिली काही वर्षं झवेरी बाजारात एका कारागिराच्या हाताखाली खडे बसवण्यात गेली, मग रत्नशास्त्र शिकलो, आणि आता लोकांचे खडे तपासून देतो. विकत नाही, त्यामुळे तुम्ही कुठला खडा घेता यात माझा काही फायदा-तोटा नाही. पण तुमचे खडे मी पाहिलेले नाहीत. फोटोवरून नीलमाबद्दल छातीठोक बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

तुमच्या प्रश्नात मला दिसते ती अडचण अशी, की तुम्ही हिऱ्याची फूटपट्टी घेऊन नीलम मोजताय. यात तुमची चूक नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुकानांनी आपल्याला व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय ही हिऱ्याच्या स्वच्छतेच्या पायऱ्यांची भाषा इतकी शिकवली की कुठल्याही खड्याला ती लावावीशी वाटते. हिरा बहुतेक वेळा बिनरंगी, त्याचा सगळा रुबाब प्रकाश परत फेकण्यावर. तिथे दहापट भिंगातून दिसणारा टाचणीच्या टोकाएवढा ठिपकाही किमतीत मोजला जातो. नीलमाचा जीव रंगात आहे. आणि नीलम जमिनीत ज्या पद्धतीने तयार होतो, तिथे आत काही ना काही अडकणं हे नेहमीचंच.

नीलम आणि माणिक ही एकाच घरची दोन मुलं. दोन्ही कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. क्रोमियम शिरलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम जोडीने शिरले की निळा नीलम. स्फटिक वाढताना शेजारची खनिजं, द्रवाचे थेंब, मोडून पुन्हा सांधलेल्या भेगा, सगळं आत कोंडलं जातं. अमेरिकेच्या जीआयए संस्थेने म्हणूनच रंगीत रत्नांचे तीन गट केले. पहिल्या गटात ॲक्वामरीनसारखी, सहसा स्वच्छच मिळणारी. दुसऱ्यात नीलम आणि माणिक, ज्यांच्यात थोडंफार काही असतंच. तिसऱ्यात पाचू, ज्याच्या आत खुणांची ‘बाग’ असतेच असं आम्ही म्हणतो. व्हीएस हा एकच शब्द या तीन गटांत तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. आणि जीआयए स्वतः नीलमाच्या रिपोर्टवर क्लॅरिटीची ग्रेड छापत नाही. तेव्हा तुमच्या कागदावर ती नाही यात लबाडी नाही. उलट कोणी नीलमाला कोपऱ्यातल्या दुकानाच्या शिक्क्याने ‘व्हीव्हीएस वन’ लिहून दिलं, तर मी दोन प्रश्न जास्त विचारेन.

मग मी काय बघतो? आत किती खुणा आहेत ते मोजत बसत नाही. आत जे आहे ते काय आहे, कुठे बसलंय, प्रकाशाला अडवतंय का आणि खडा फुटायला कारण होईल का, एवढं बघतो. शेवटी एक प्रश्न उरतो, तो म्हणजे ही खूण खड्याच्या जन्माबद्दल काय सांगते. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग असतो.

सुरुवात भिंगाने करायची नाही. खडा मऊ कापडाने पुसायचा, पांढऱ्या कागदावर ठेवायचा, खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात, आणि दीड वीत अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी बघायचा. पावसाळ्यात ठाण्याचं आभाळ भरलेलं असतं, तो दुपारचा मऊ उजेड यासाठी झकास. राम मारुती रोडवर किंवा वाशीत, कुठेही जा, दुकानातले दिवे खड्यांना सजवण्यासाठीच लावलेले असतात. खडा हातात घेऊन दारापर्यंत चला. चांगला सराफ स्वतःच म्हणतो, ‘या, बाहेर बघू.’ या अंतरावरून डोळ्यांना काही खुपलं नाही, तर त्या नीलमाला आम्ही ‘आय क्लीन’ म्हणतो, आणि नीलमासाठी ती पुष्कळ चांगली पायरी आहे.

मोबाइलचा टॉर्च खालून मारून घाबरू नका. हल्ली हा प्रकार फार झालाय. त्या उजेडात जगातला उत्तमातला उत्तम नीलमही कचऱ्याचा डबा दिसतो. टॉर्चचा उपयोग आहे, पण तो भेगा शोधायला. त्याकडे पुढे येतो.

एक फरक इथेच नीट समजून घ्या, कारण यात भले भले फसतात. आत खुणा असणं वेगळं आणि खडा दुधाळ असणं वेगळं. एखाद्या नीलमात दोन-तीन स्फटिक स्पष्ट दिसतात, पण बाकीचा खडा पाण्यासारखा नितळ असतो. दुसऱ्यात एकही ठळक डाग नसतो, पण सगळा खडा धुक्यात बुडाल्यासारखा, जणू कोणी निळ्या पाण्यात चमचाभर दूध घातलंय. कागदावर दुसरा जास्त ‘स्वच्छ’ वाटेल. माझ्या टेबलावर पहिला जिंकतो. जुने जाणकार खड्याचं ‘पाणी’ बघा म्हणायचे ते यासाठीच. छापील अक्षरं असलेला कागद खड्यामागे धरू नका, पैलूंमुळे काही कळत नाही. खडा तिरका फिरवा आणि आतल्या तळाच्या पैलूंच्या कडा धारदार दिसतात का बघा. कडा पुसट दिसल्या तर पाणी कमी.

आता तुमच्या पहिल्या खड्यातल्या रेषा. तुम्ही लिहिलंय, ‘केसासारख्या, एकमेकींना कापणाऱ्या, खडा फिरवला की चमकून नाहीशा होणाऱ्या.’ हे वर्णन रेशमाचं आहे. बाजारात याला रेशा किंवा जाळं म्हणतात. रुटाइल नावाच्या टायटॅनियमच्या खनिजाच्या या अतिसूक्ष्म सुया. कुरुंदाचा स्फटिक षटकोनी घडणीचा, म्हणून त्या सुया तीन दिशांना पडतात आणि एकमेकींना 60 अंशांत कापतात. सुया अतोनात दाट झाल्या आणि खडा वरून गोल घुमटासारखा घासला, की दिव्याखाली सहा किरणांचा तारा दिसतो. तोच तारांकित नीलम. मध्यम दाट असल्या की खडा धुरकट होतो. आणि अगदी विरळ, अगदी बारीक असल्या, तर खड्यावर मखमल पसरल्यासारखी दिसते. काश्मीरच्या पाडर भागातल्या खाणीतून 1880 च्या दशकात जे नीलम निघाले आणि ज्यांच्या नावाने आजही लिलावात बोली चढते, त्यांची ती प्रसिद्ध झोपाळू निळाई आतल्या अशाच सूक्ष्म कणांमुळे आहे. प्रकाश आत शिरतो, कणांवर विखुरतो आणि खड्याचे जे कोपरे एरवी काळे पडले असते तिथेही निळा पोचतो. हिऱ्याच्या फूटपट्टीवर हा दोष ठरेल. काश्मिरी नीलमात त्याचे पैसे मोजावे लागतात.

रेशीम आणखी एक काम करतं. ते साक्ष देतं. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचा दुधाळ, फिकट कुरुंद मुबलक सापडायचा, त्याला फारशी किंमत नव्हती. 1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी तो भट्टीत घालायला सुरुवात केली. 1500 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की रुटाइलच्या सुया विरघळतात, त्यातलं टायटॅनियम कुरुंदात मुरतं, आतल्या लोहाशी जोडी जमवतं आणि फिकट दुधाळ खडा निळाशार, नितळ होऊन बाहेर येतो. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणत होतो, तोच वितळून रंग झाला. म्हणून एखाद्या नीलमात सुया अखंड, टोकदार, शाबूत दिसल्या, तर तो त्या मोठ्या भट्टीतून गेलेला नाही हे सांगणारा तो बिनपगारी साक्षीदार. सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी झालेल्या दिसल्या, किंवा आतल्या एखाद्या स्फटिकाभोवती ताणाने पडलेली चकतीसारखी चमकदार भेग दिसली, तर खडा तापलेला असण्याची शक्यता वाढते. यात एक अडचण आहे. कमी तापमानाला, सुया विरघळण्याआधीच थांबलेली तापवणी असते. तिथे रेशीम शाबूत राहतं आणि साक्षीदार खोटं बोलतो. म्हणून तापवणीचा शेवटचा शब्द लॅबचा, माझ्या भिंगाचा नाही.

नीलमात आणखी एक खूण हमखास दिसते, ती बोटाच्या ठशासारखी. स्फटिक वाढत असताना तडा गेला, मग तिथे शिरलेल्या द्रवातून तो पुन्हा सांधला, आणि मागे बारीक थेंबांची नक्षी उरली. सिलोनी, म्हणजे श्रीलंकेच्या, खड्यांत तर कधीकधी छोटी पोकळी, तिच्यात द्रव आणि त्यात हलणारा बुडबुडा असतो. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली तो बुडबुडा सरकताना पाहिला तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो. सांधलेल्या ठशाला मी घाबरत नाही, तो खड्याच्या मधोमध ढग करून बसलेला नसला म्हणजे झालं.

घाबरतो ते पृष्ठभागापर्यंत येणाऱ्या उघड्या चिरेला.

नीलमाचा कठीणपणा मोह्सच्या मापावर 9. हिऱ्याच्या खालोखाल. त्यामुळे लोकांना वाटतं तो फुटत नाही. कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडणं. मार सहन करणं ही वेगळी गोष्ट. झवेरी बाजारात मी नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाचा साडेतीन कॅरेटचा नीलम बसवायला आला. कमरेजवळ, म्हणजे जिथे वरचा आणि खालचा भाग मिळतो त्या कडेला, पिसासारखी एक चीर होती. मला दिसली होती. वाटलं, प्राँगखाली, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखाखाली, झाकली जाईल, छानच. प्राँग दाबला आणि ‘टिच्’ असा आवाज आला. तो आवाज मला आजही ओळखू येतो. चीर खड्याच्या माथ्यावरच्या मोठ्या सपाट पैलूपर्यंत धावली. खड्याचे पैसे माझ्या पगारातून पाच महिने कापले गेले आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण चीर माझ्या डोळ्यांना दिसलेली होती. त्या दिवसापासून प्रत्येक खड्याच्या कमरेभोवती भिंग घेऊन एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो. तुम्हीही घाला. टॉर्च इथे कामाला येतो. उजेड बाजूने पाडा, खडा हळू फिरवा. पृष्ठभागापर्यंत आलेली चीर आरशाच्या तुकड्यासारखी एकदम चमकते, आणि तिचं तोंड वरच्या पैलूवर केसाएवढी रेषा म्हणून दिसतं.

भिंग धरायची रीत चुकली की काहीच दिसत नाही, म्हणून एवढं सांगतो. दहापट भिंग डोळ्याला अगदी टेकवा, चिमट्यातला खडा भिंगाकडे आणा, साधारण इंचभर अंतरावर. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले ठेवा, म्हणजे थरथर थांबते. मागे काळं कापड, उजेड बाजूने. आधी पृष्ठभागावरची धूळ ओळखा. ती पुसून जाते, आतली खूण जात नाही. एकच काळा कण सहा ठिकाणी दिसला तर दचकू नका. तळाच्या पैलूंत त्याची प्रतिबिंबं पडतात. पण मग तो कण फार वाईट जागी बसलाय हेही खरं, कारण अंगठी घातल्यावर लोकांना एक नाही, सहा दिसणार. तोच कण कडेला असता तर प्राँगने झाकला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. जागेमुळे किंमत बदलते ती अशी.

आता तुमचा दुसरा खडा. आरशासारखा स्वच्छ, तापवलेला, निम्म्या किमतीत. यात अशक्य काहीच नाही. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात, तापवणं ही मान्य रीत आहे, फक्त सांगून विकलं पाहिजे. तापवलेला चांगला नीलम घेण्यात कमीपणाही काही नाही. पण सव्वाचार कॅरेटच्या पुढे गेलेल्या नीलमात भिंगातूनही काहीच दिसत नाही म्हटल्यावर मी खुश होण्याआधी थांबतो. माझ्या डोक्यात तीन शंका येतात.

पहिली, हा खाणीतलाच आहे ना? ऑग्युस्त व्हर्नुइल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीच्या भट्टीत कुरुंद बनवण्याची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली. तेव्हापासून कृत्रिम माणिक, आणि पुढे काही वर्षांनी नीलमही, स्वस्तात तयार होऊ लागले. रासायनिकदृष्ट्या तोही नीलमच, काठिण्यही तेच, म्हणून साध्या चाचण्या त्याला पास करतात. ओळख आतल्या रंगाच्या पट्ट्यांवरून. खाणीतल्या नीलमात रंगाच्या पट्ट्या सरळ असतात आणि षटकोनाच्या कोनात वळतात; भट्टीतल्यात त्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र, आणि सोबत कधी वायूचे बुडबुडे. पुष्कळांच्या आजीच्या जुन्या दागिन्यात ‘खानदानी नीलम’ म्हणून निघतो तो हाच. ते सांगताना मला आजही जड जातं.

दुसरी शंका काचेची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भेगांनी भरलेल्या, फेकून देण्याजोग्या कुरुंदात कोबाल्टने निळी केलेली शिशाची काच भरून विकतात. काच भेगेत बसली की भेग दिसेनाशी होते, रंग मिळतो, वजनही वाढतं. खडा फिरवताना आत निळ्या झळा आणि चपटे बुडबुडे दिसले तर हाच प्रकार. कळव्याच्या एक बाई असाच खडा घेऊन आल्या होत्या. अंगठी सैल झाली म्हणून कुठेतरी कापून, डाग देऊन जोडून घेतली, तर खड्यावर पांढरं कोळ्याचं जाळं उभं राहिलं. जोडकामाच्या उष्णतेने आणि नंतरच्या ॲसिडने काच उतरली होती. त्यांना ज्याने विकला त्याने कागद दिलाच नव्हता. तुमच्या कागदावर नुसतं ‘तापवलेला’ आहे आणि भेगांत काही भरल्याची नोंद नाही, म्हणजे लॅब भरवशाची असेल तर ही शंका मिटते.

तिसरी शंका रंग मुरवण्याची. टायटॅनियम बाहेरून मुरवलं तर निळा थर पृष्ठभागाजवळच राहतो. पाण्यात बुडवून पांढऱ्या उजेडावर बघितलं तर पैलूंच्या कडांवर रंग साचलेला दिसतो. बेरिलियमचा प्रकार याहून कठीण. साधारण 2001-02 पासून तो बाजारात आला, जास्त करून पिवळ्या-केशरी खड्यांत, आणि बेरिलियम खोलवर मुरतं. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही यंत्राने ते कळत नाही. मोठ्या लॅबकडे लेझरने सूक्ष्म नमुना घेऊन तपासण्याची सोय असते, तिथेच पाठवावं लागतं. नीलमाऐवजी उद्या पुष्कराज, म्हणजे पिवळा कुरुंद, घ्यायचा झाला तर ही गोष्ट जास्त लक्षात ठेवा. तसंच पिवळ्या खड्यात खुणा लपत नाहीत, म्हणून पुष्कराजाकडून मी निळ्यापेक्षा जास्त स्वच्छतेची अपेक्षा करतो.

एक चौथी गोष्टही आहे, फसवणूक नव्हे, पण डोळ्यांची गंमत. उथळ घासलेला खडा मधून खिडकीसारखा आरपार दिसतो. प्रकाश परत न फिरता सरळ खाली निघून जातो. अशा खड्यातून खालचं बोट दिसतं आणि लोक म्हणतात, ‘किती स्वच्छ आहे!’ ती स्वच्छता नाही, ते भोक आहे. गडद, जवळजवळ काळपट नीलमात याच्या उलट होतं. आतलं सगळं अंधारात लपतं आणि खडा निष्कलंक भासतो. ‘बँकॉक नीलम’ म्हणून जो स्वस्त माल दाखवतात त्यात असा काळपटपणा पुष्कळदा सापडतो. ‘सिलोनी’ आणि ‘बँकॉक’ हे शब्द दुकानात खाणीच्या पत्त्यापेक्षा मालाच्या प्रतीसाठी वापरले जातात. कागदावर उगमस्थान लिहिलेलं नसेल तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका.

गुरुजींच्या ‘निर्दोष’बद्दल. पत्रिकेत मी पडत नाही, तो माझा विषय नाही. पण शब्दाचा अर्थ तरी नीट घेऊ. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत इंद्रनीलाचे दोष सांगितलेत ते माती, दगड, खडी यांचा अंश, भेग, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी छाया आणि रंगाचे दोष असे. दहापट भिंगातून दिसणाऱ्या सुयांचा त्यात उल्लेख असणं कठीणच, तेव्हा तसं भिंग नव्हतं. ती यादी वाचली की मला वाटतं जुने लोकही भेग आणि मंदपणाच बघत होते. गुरुजींना हे मोकळेपणाने विचारा: डोळ्यांना न दिसणारी खूण चालेल का? बहुतेक जण चालेल म्हणतात. आणि त्यांनी रत्तीत वजन सांगितलं असेल तर कॅरेटमध्ये नक्की करून घ्या. बाजारात साधारण 0.91 कॅरेटची रत्ती धरतात, पण सगळे तीच धरत नाहीत. समजा त्यांनी सव्वाचार रत्ती सांगितली असेल, तर त्या हिशोबाने ती 3.87 कॅरेट होते, म्हणजे तुमचे दोन्ही खडे वजनात बसतात.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. मुलगी अंगठी रोज घालणार, लोकलने जाणार, भांडी घासणार, जिमला जाणार, तर मी स्वच्छतेपेक्षा मजबुतीला आधी मत देईन. उघडी चीर असलेला खडा पेंडंटमध्ये चालून जातो, रोजच्या अंगठीत नाही. पुढे कधी विकायचा विचार असेल तर न तापवलेल्या खड्याला गिऱ्हाईक जास्त मिळतं. आयुष्यभर घालायचाच असेल तर त्या फरकाचे पैसे का भरायचे हा प्रश्न रास्त आहे. आणि बजेट ताणून, कर्ज काढून खडा घेऊ नका, एवढं वडीलधारा म्हणून सांगतो.

दुकानात परत जाल तेव्हा कागदावरची मिलिमीटरमधली मापं आणि वजन समोरच्या खड्याशी ताडून बघा. मापं दशांशापर्यंत जुळली पाहिजेत. रिपोर्टचा नंबर लॅबच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो पहा. कागद खरा आणि खडा दुसराच, हे मी वर्षातून दोन-तीनदा तरी पाहतो. घेण्याआधी आपल्या पसंतीच्या लॅबमध्ये दाखवू देणार का, असं विचारा. खड्यात काही लपवायचं नसेल तर दुकानदार ठेव म्हणून रक्कम घेतो आणि खडा देतो. कां कूं केली तर तिथेच उत्तर मिळालं.

तुमच्या वर्णनावर भरवसा ठेवून बोलायचं तर माझा कल पहिल्याकडे आहे, पण दोन अटींवर. दारातल्या उजेडात दीड वीत अंतरावरून त्या रेषा रंगाला मारत नसाव्यात, आणि कमरेची प्रदक्षिणा बिनचिरेची निघावी. रेशमाने खडा धुरकट केला असेल, तर ‘न तापवलेला’ या एका शब्दासाठी दुप्पट पैसे देऊ नका. मग दुसरा खडा दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घ्या, तो खरा निघाला तर आनंदाने घ्या. सराफ पहिलाच घ्या म्हणतोय यात त्याचा नफा जास्त असेलही, पण म्हणून तो चुकीचं सांगतोय असं होत नाही.

खडा बसवताना मागची बाजू उघडी ठेवायला सांगा आणि महिन्यातून एकदा कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश एवढ्यानेच मागून घासा. गेल्या श्रावणात एक गृहस्थ घाबरून आले, नीलम मंद पडला, शनी कोपला म्हणून. खड्यामागे अंगठीत कणीक आणि साबणाचा थर बसला होता. पाच मिनिटांत शनी शांत झाला. तुम्ही रविवार सोडून कधीही ट्रान्स हार्बर लोकलने या, दोन्ही खडे घेऊन आलात तर उत्तम. सकाळी 11 नंतर माझ्या खिडकीत उजेड चांगला असतो.